लोणा फुटलेला देव

पोळ्याला सौंसरकडच्या तिगावातला बैल झूल, बाशिंग, मण्यांच्या माळा लेवून तोरणाखाली उभा राहतो. जनावराला दृष्ट लागू नये म्हणून मणी बांधणारे जगभर आहेत. इराणमधल्या कोम शहरात गाढवांसाठीचे निळे मणी १९६० च्या दशकातही बनत होते. तिथल्या भट्टीमुळे संशोधकांना प्राचीन इजिप्तच्या फेयांसची एक रीत उलगडली: मणी क्षारांच्या भुकटीत पुरून भाजायचे, भुकटी झटकली की अंगावर झिलई तयार.

फेयांस दिसतो चिनी मातीसारखा, पण त्यात माती जवळपास नसतेच. दळलेली गारगोटी किंवा वाळू नव्वद टक्क्यांच्या वर, थोडा चुना, थोडा सोडा, रंगाला तांबं. दुसरी रीत तर आपल्या जुन्या भिंतींना ठाऊक आहे. ओल सुकताना क्षार वर येतात, भिंतीला लोणा फुटतो. फेयांसच्या ओल्या लगद्यालाही तसाच फुटतो आणि ८०० ते १००० अंशांवर वितळून त्याची निळी काच होते. मूर्ती ज्या अंगावर सुकत ठेवली, तिथे क्षार येत नाही. ते अंग फिकं राहतं.

इजिप्तच्या दोन-चार सेंटिमीटरच्या फेयांस मूर्तींत माझा लाडका देव बेस. ठेंगणा, फेंगड्या पायांचा, सिंहाची आयाळ, जीभ बाहेर. काम बाळंतिणीची आणि तान्ह्याची राखण. जोडीला तावेरेत, गरोदर पाणघोडी. मागे दोरा ओवायला कडी. इ.स.पू. चौदाव्या शतकात अखेनातेन राजाने अमार्नाला एकट्या सूर्यबिंबाची पूजा चालवली. १८९१-९२ मध्ये पुरातत्त्वज्ञ पेट्रीने तिथे खोदकाम केलं, तेव्हा मातीचे हजारो साचे निघाले आणि त्यांत हे दोघेही होते! राजाचा धर्म बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचला नव्हता.

मूर्तींवरच्या काळ्या रेघा मँगनीजच्या. हे तर सौंसरचंच खनिज; इथल्या मँगनीजवाल्या खडकांना भूगर्भशास्त्रात ‘सौंसर गट’ म्हणतात. कन्हान नदीची वाळू, मलाजखंडचं तांबं, लोणारचा सोडा धरला, तर बेसचं सगळं सामान तिगावपासून तीनशे किलोमीटरांच्या आत आहे. या उपखंडातही हडप्पाच्या कारागिरांनी फेयांसच्या बांगड्या केल्या, इवल्या खारीसुद्धा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला मात्र घराच्या जमिनीखाली, मातीच्या पेटीत ठेवलेली इ.स.पू. १३०० च्या सुमाराची देवी सापडली, ती कच्च्या मातीची.