सातपुड्याचा डिंक आणि पेशीत शिरणारे औषध

यावल-चोपड्याकडच्या सातपुड्यात, कोरड्या जंगलाच्या उतारांवर कांडोळाची झाडे दिसतात. साल पांढुरकी, उन्हाळ्यात अंगावर पानही नसते. खोडाला चीर पडली की डिंक पाझरतो. व्यापारात त्याला 'कराया गम' म्हणतात. हा डिंक पाण्यात टाकला तर पूर्ण विरघळत नाही, तो फुगतो, आणि मूळ आकारमानाच्या साठपटीहून अधिक फुगू शकतो. त्याच्या लांबलचक रेणूसाखळ्या पाणी आपल्या जाळ्यात धरून ठेवतात. अशा पदार्थाला शास्त्रज्ञ हायड्रोजेल म्हणतात.

आता असा फुगलेला गोळा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटरचा आहे असे समजा. साखळ्या सुटू नयेत म्हणून त्यांना जागोजागी रासायनिक टाके घाला आणि जाळीत औषधाचे रेणू कोंडा. हाच नॅनोजेल. त्याचे बहुतेक वजन पाण्याचेच असते. त्यामुळे प्रथिनासारखे नाजूक औषधही त्यात शाबूत राहू शकते.

जपानमध्ये काझुनारी अकियोशी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुलुलान या बुरशीजन्य शर्करेला कोलेस्टेरॉल जोडून असे कण घडवले. ते पाण्यात आपोआप तयार होत. अमेरिकेत सर्गेई विनोग्रादोव्ह, एलेना बत्राकोव्हा आणि अलेक्झांडर काबानोव्ह यांनी १९९९ मध्ये जनुकीय रेणू वाहून नेणारे जाळीदार कण तयार केले.

औषध रक्तात पोहोचले म्हणजे पेशीत पोहोचले असे नाही. पेशीचे आवरण स्निग्ध असते, मोठ्या किंवा विद्युतभारित रेणूंना ते सहज आत घेत नाही. नॅनोजेलचा कण मात्र त्या आवरणाला चिकटतो, आवरण आत वळते आणि कणासकट एक पिशवी पेशीच्या आत ओढली जाते. या पिशवीला एंडोसोम म्हणतात. खरी परीक्षा इथून पुढे असते. पिशवीतील आम्लता वाढत जाते, सामू ७.४ वरून ५ पर्यंत घसरतो, आणि पुढे पाचक विकरे वाट पाहत असतात. कुशल रसायनतज्ज्ञ याच आम्लतेचा उपयोग करून घेतो. आम्लात फुगणारी जाळी निवडली तर पिशवी फुटून औषध बाहेर पडू शकते. दुसरी युक्ती मला याहून सुंदर वाटते. जाळीचे टाके गंधकाच्या जोडबंधांचे ठेवायचे. रक्तात हे बंध तोडणारे ग्लुटाथायोन अगदी कमी असते, पेशीच्या आत मात्र शेकडो पटींनी जास्त. म्हणून टाके वाटेत टिकतात आणि पेशीत गेल्यावर उसवतात. कुठे धरायचे आणि कुठे सोडायचे, हे त्या कणाच्या रसायनातच लिहिलेले असते.

आपल्या हळदीचेही उदाहरण आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे गिळले तरी रक्तात फारच थोडे उतरते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स आणि दिल्ली विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांनी २००७ मध्ये ते १०० नॅनोमीटरहून लहान, जाळीदार पॉलिमर कणांत भरले. मग ते पाण्यात सहज पसरू लागले. महाराष्ट्रात जेलचे शास्त्र रुजवण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे फुगणाऱ्या पॉलिमरचा दीर्घ अभ्यास केला.

खानदेशही या कामापासून दूर नाही. शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माण संस्थेतील संशोधकांनी नैसर्गिक पॉलिमर आणि नॅनो औषधवाहकांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत. जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे, आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. कच्चा माल आणि प्रयोगशाळा इतक्या जवळ असणे ही या भागाची मोठी जमेची बाजू आहे.

गरजही इथेच आहे. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ओळखीचा आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने या आजारावरील पहिल्या जनुक-संपादन उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून, त्यांत बदल करून, पुन्हा शरीरात सोडाव्या लागतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. पावरा किंवा भिल्ल कुटुंबाला ती कशी परवडणार? म्हणून दुरुस्तीचे साहित्य इंजेक्शनने थेट अस्थिमज्जेतील पेशींपर्यंत नेणारा वाहक शोधण्याची धडपड जगभर चालू आहे. त्यात स्निग्ध कण पुढे आहेत, पण पॉलिमरचे कणही तपासले जात आहेत.

अडचणी मोठ्या आहेत. अगदी बारीक कण मूत्रपिंडातून गळून जातात, मोठे कण यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात. २०१६ मध्ये दहा वर्षांच्या निबंधांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा प्राण्यांना दिलेल्या नॅनोकणांपैकी मध्यकानुसार ०.७ टक्केच कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचल्याचे दिसले. शिवाय जाळीचा पॉलिमर शरीरात विघटित होऊन निरुपद्रवीपणे बाहेर पडायला हवा. नैसर्गिक डिंकांकडे लक्ष वळते ते त्यासाठीच, मात्र डिंक नैसर्गिक म्हणजे निर्धोकच, असे मानता येत नाही. प्रत्येकाची चाचणी वेगळी करावी लागते.

वाचकांनी एक ध्यानात ठेवावे. मुरुमांच्या काही मलमांवर 'नॅनो जेल' असे छापलेले असते. ते साधे जेल असते, फक्त त्यात औषधाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. या लेखातील पेशीत शिरणारी जाळी ती नव्हे. आणि सिकलसेलच्या रुग्णांनी नव्या शोधाची वाट पाहत हायड्रॉक्सीयुरिया किंवा डॉक्टरांनी दिलेले कोणतेही औषध बंद करू नये.