आयनवाहक प्रतिजैविके : व्हॅलिनोमायसिनचे उदाहरण

पेशीपटलाचा गाभा मेदाम्लांच्या लांब हायड्रोकार्बन साखळ्यांचा असतो. पोटॅशियम किंवा सोडियम यांचा आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो. हे वेष्टन टाकून तेलकट थरात शिरण्यास लागणारी ऊर्जा फार मोठी असल्याने तो सहसा पलीकडे जाऊ शकत नाही. आत पोटॅशियम अधिक आणि बाहेर सोडियम अधिक, ही सजीव पेशीची स्थिती या अडसरामुळेच टिकते. काही सूक्ष्मजीवांनी निर्माण केलेली प्रतिजैविके नेमका हाच अडसर निकामी करतात.

स्ट्रेप्टोमायसिस वंशातील जीवाणूंपासून १९५५ मध्ये व्हॅलिनोमायसिन वेगळे करण्यात आले. तंतुकणिकांमध्ये ते पोटॅशियमचे वहन घडविते, हे मूर आणि प्रेसमन यांनी १९६४ मध्ये दाखविले. त्याचा रेणू वलयाकार असून वलयात ३६ अणू आहेत. डी-व्हॅलीन, एल-लॅक्टिक आम्ल, एल-व्हॅलीन आणि डी-हायड्रॉक्सिआयसोव्हॅलेरिक आम्ल हा चौघांचा क्रम त्यात तीनदा येतो. आयन आत येताच एस्टर गटांचे सहा ऑक्सिजन अणू त्याभोवती अष्टफलकाच्या शिरोबिंदूंवर येतात व पाण्याची जागा घेतात. बाहेरच्या बाजूस मात्र जलविरोधी मिथिल व आयसोप्रोपिल गट राहतात. म्हणजे आयनाला जणू तेलात चालणारा अंगरखाच मिळतो! सोडियम आयन आकाराने लहान (त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३३). सहाही ऑक्सिजन त्याला एकदम भिडू शकत नाहीत, त्यामुळे पाणी सोडण्याची किंमत भरून निघत नाही. म्हणूनच व्हॅलिनोमायसिन पोटॅशियमची निवड सोडियमपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी अधिक करते.

ग्रॅमिसिडिनची तऱ्हा वेगळी. त्याचे दोन रेणू टोकाला टोक लावून पटलात आरपार नलिका उभारतात. क्रास्ने, आयझेनमन आणि सॅबो यांनी १९७१ मध्ये कृत्रिम पटल थंड करून गोठविले, तेव्हा वाहक रेणूंचे कार्य थांबले; ग्रॅमिसिडिनचे मात्र चालू राहिले. वाहकास पटलातून ये-जा करावी लागते, नलिकेस नाही, याचा इतका साधा पुरावा क्वचितच मिळतो.

आयनांबाबत चोखंदळ असलेले व्हॅलिनोमायसिन पेशींबाबत तसे नाही. जीवाणू आणि मानव यांच्या पेशींत ते भेद करीत नाही. त्यामुळे औषध म्हणून ते निरुपयोगी ठरले, परंतु रक्तातील पोटॅशियम मोजणाऱ्या विद्युत्-अग्रांत त्याला स्थान मिळाले. सोडियमवाहक मोनेन्सिन कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडिओसिस रोगाविरुद्ध वापरले जाते. तेच घोड्याला, शरीरभाराच्या दर किलोग्रॅममागे अवघ्या २ ते ३ मिलिग्रॅम मात्रेत, हृदयाच्या स्नायूंची हानी करून प्राणघातक ठरू शकते.