एका वाताची अनेक नावे

मन आणि म्हैस या नद्यांच्या काठी वसलेल्या बाळापूरच्या परिसरात शेतीचे काम म्हणजे निंदणासाठी उकिडवे बसून तासन्‌तास सरकत जाणे आणि वेचणीच्या दिवसांत कमरेला कापसाची ओटी बांधून वाकलेले राहणे असल्याने, हाडे, सांधे आणि स्नायू यांची दुखणी तेथे घरोघरी आढळावीत यात नवल नाही. या दुखण्यांसाठी बोलीत शब्दांची वाण नाही. मान लचकते, पाठीत उसण भरते, पाय मुरगळतो, पोटरीत गोळे येतात, कंबर धरते; आणि यांतला प्रत्येक शब्द आपापल्या जागी बराच नेमका आहे. मुरगळणे म्हणजे दोन हाडांना सांध्याशी बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधाला ताण बसणे किंवा तो फाटणे, तर उसण म्हणजे स्नायू एकाएकी आखडणे, हा भेद शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. दुखणे जुनाट झाले, की मात्र हा नेमकेपणा संपतो आणि ‘गुडघे लय दुखून राह्यले’ या तक्रारीपासून बोटे वाकडी होण्यापर्यंत सगळ्याला ‘वात’ हे एकच नाव मिळते.

प्राचीन वैद्यकात हा शब्द इतका सैल नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधी आणि वातरक्त यांना स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत, आणि कमरेपासून पायात उतरत जाणाऱ्या वेदनेला जे गृध्रसी हे नाव आहे, त्याचा संबंध रोग्याच्या गिधाडासारख्या चालीशी जोडला जातो. सुश्रुताने हाड मोडण्याचे १२ आणि सांधा निखळण्याचे ६ प्रकार सांगितले असून चूर्णित, वक्र, स्फुटित अशी त्यांतली काही नावे क्ष-किरणांचे चित्र समोर ठेवून दिल्यासारखी वाटतात. आमवाताला वेगळा रोग म्हणून सविस्तर मांडण्याचे श्रेय पुढे माधवकराच्या माधवनिदानाकडे जाते.

आधुनिक नावे ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांच्या जोडणीतून बनलेली असल्याने लांबलचक दिसतात, पण ती उलगडायला अवघड नाहीत. ऑस्टिओ म्हणजे हाड, आर्थ्रो म्हणजे सांधा, मायो म्हणजे स्नायू आणि स्पॉन्डिलो म्हणजे मणका. नावाच्या शेवटी आयटिस आले तर दाह, ओसिस आले तर बहुधा झीज किंवा तत्सम बदल, आणि आल्जिया आले तर केवळ वेदना समजावी. त्यामुळे मायाल्जिया म्हणजे अंगदुखी, एवढे साधे ते नाव आहे. ऑर्थोपेडिक्स ही संज्ञा १७४१ मध्ये निकोला आँद्री या फ्रेंच वैद्याने ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून घडवली, कारण त्याचे पुस्तक मुलांच्या शरीरातील व्यंगे कशी टाळावीत आणि सुधारावीत यावर होते. आज त्याच पाटीखाली म्हाताऱ्यांचे गुडघे बदलले जातात.

मराठीत खरा घोटाळा ‘संधिवात’ या शब्दाने केला आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिस आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या दोन्ही रोगांना तो सर्रास लावला जातो, पण हे रोग एकमेकांचे नातलगही म्हणता येणार नाहीत. पहिल्यात हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे सांध्यातला गुळगुळीत थर, वयाबरोबर आणि भाराने झिजत जातो. गुडघे आणि नितंबाचे सांधे यांवर त्याचा रोख असतो, चालल्याने दुखणे वाढते, आणि सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. या रोगाच्या नावात दाह सुचवणारा प्रत्यय असला, तरी त्याचा मुख्य भाग झिजेचाच आहे, म्हणजे शास्त्राची भाषाही आपले नियम नेहमी पाळते असे नाही. दुसऱ्या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हातांच्या बोटांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सारखे सुजतात, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा रोग दोन-तीन पट अधिक होतो. त्यावरचे मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि ते चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. आमवात हा जुना शब्द या दुसऱ्या रोगापुरता राखून ठेवला, तरी पुष्कळ गोंधळ टळेल. तिसरा रोग गाऊटचा; त्यात रक्तातले युरिक ॲसिड वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचतात, आणि पायाचा अंगठा अनेकदा रातोरात लाल होऊन इतका ठणकतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही.

मणक्यांच्या बाबतीतही एका प्रत्ययाने सगळे बदलते. स्पॉन्डिलोसिस ही वयोमानाने होणारी झीज असून चाळिशी-पन्नाशीनंतर काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या क्ष-किरण चित्रातही ती दिसते; अहवालातला हा शब्द वाचून घाबरून जाण्याचे कारण नसते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा मात्र तरुणपणी सुरू होणारा दाहाचा रोग आहे आणि त्यातली पाठ विश्रांतीने नव्हे, तर हालचालीने मोकळी होते. गावात मानेच्या प्रत्येक दुखण्याला सरसकट ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतात, ते बहुधा चुकीचेच असते. ‘नस दबली’ याचाही अर्थ रक्तवाहिनी दबली असा नसून मणक्यांमधली चकती सरकल्याने मज्जातंतूवर दाब आला असा असतो. स्नायू या शब्दाचा प्रवास तर आणखी गमतीचा आहे: सुश्रुताच्या लेखी तो सांधे बांधून ठेवणारा तंतू होता आणि मांसासाठी त्याच्याकडे पेशी हा वेगळा शब्द होता, मराठीने मात्र स्नायू हाच शब्द मांसाला दिला.

हाडांच्या रोगांत ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाड विरळ आणि ठिसूळ होणे, तर ऑस्टिओमलेशिया म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावी ते मऊ पडणे. हाच अभाव लहान मुलांत झाला की त्याला मराठीत मुडदूस हे जुने नाव आहेच. ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत सहसा काहीच जाणवू देत नाही.

महाराष्ट्र राज्याच्या १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने वैद्यकाचेही परिभाषा कोश तयार केले, परंतु कोशातले शब्द औषधाच्या चिठ्ठीपर्यंत फारसे उतरले नाहीत. याउलट २००६ च्या साथीने महाराष्ट्राच्या गावोगाव ‘चिकुनगुनिया’ हा शब्द काही महिन्यांत रुजवला. टांझानियातील माकोंडे भाषेतल्या या नावाचा अर्थ सांधेदुखीने वाकून जाणे असा आहे. तापानंतर काही रुग्णांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात, आणि त्यालाही पुन्हा ‘वात’ म्हटले जाते.

‘तुम्हाला वात आहे’ एवढेच उत्तर दवाखान्यात मिळाले, तर तो झिजेचा, दाहाचा की युरिक ॲसिडचा, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. बोटांचे सांधे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेले असतील, तर हे विचारण्यास उशीर करू नये. आमवातात सांध्यांतली हाडे बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच खराब होऊ लागतात.