नाकाचा दांडा: नुसतं घासून भागत नाही

तान्ह्या बाळाला तेल लावताना आजी नाकाचा दांडा चिमटीत धरून हलकेच वर ओढते. मोठेपणी चाफेकळी नाक व्हावं म्हणून. मालिश खुशाल करावी, पण नाकाचा आकार मुख्यतः आनुवंशिकतेनं ठरतो. मोठ्यांसाठी मिळणाऱ्या नाकाच्या चिमट्यांनी तर फक्त विक्रेत्याचं भलं होतं.

नाकाच्या शस्त्रक्रियेबद्दलचा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज असा, की दांड्यावरचा उंचवटा म्हणजे वाढलेलं हाड आणि ते कानशीनं घासलं की काम झालं. खरं तर दांड्याचा वरचा साधारण एक तृतीयांश भागच हाडाचा असतो. त्याखाली कूर्चा असते आणि उंचवटा बहुधा दोन्हींचा मिळून बनतो. तो छाटला की दांड्याचं छप्परच निघतं. बाजूच्या दोन भिंतींमध्ये फट राहते आणि नाक समोरून पसरट दिसू लागतं. म्हणून बाजूची हाडं कापून आत सरकवावी लागतात. मधल्या पडद्याच्या दोन्ही अंगांना कूर्चेच्या पातळ पट्ट्याही बऱ्याचदा शिवतात. हा आधार कमी पडला तर दांड्याचा मधला भाग आत चिमतो आणि श्वास अडतो, कारण नाकातली हवेची सर्वांत अरुंद वाट तिथेच असते. फोटोत देखणं दिसणाऱ्या नाकानं रात्री तोंड उघडं ठेवून झोपायला लावलं, तर तो सौदा तोट्याचाच.

उंचवटा उतरवण्याची दुसरी पद्धत दांड्याचा माथा शाबूत ठेवते. त्याखालच्या पडद्याची एक पट्टी काढतात, बाजूची हाडं मोकळी करतात आणि अख्खा दांडा खाली उतरवतात. गेल्या काही वर्षांत तिची चर्चा वाढल्यामुळे ती अगदी नवी वाटते, पण तिचं मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं आहे. अर्थात, ती प्रत्येक नाकाला मानवत नाही.

‘हे सगळं सुश्रुतानंच केलं होतं’ हेही अर्धसत्य. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक गालाच्या त्वचेनं घडवण्याचं वर्णन आहे. कपाळाची त्वचा वापरून पुण्यात झालेल्या शस्त्रक्रियेची हकिकत 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. दोन्ही कामगिऱ्या थोर, पण त्या गेलेलं नाक परत देण्याच्या होत्या. धडधाकट नाकाचा उंचवटा आतून उतरवण्याचं तंत्र अमेरिकेतल्या जॉन रो यांनी 1891 मध्ये मांडलं.

बसकं नाक उचलायला सिलिकॉनच लागतं, असंही नाही. पडद्याची, कानाची किंवा बरगडीची स्वतःचीच कूर्चा वापरता येते. सिलिकॉनला कित्येक वर्षांनंतरही जंतुसंसर्ग होऊ शकतो. बरगडीची कूर्चा कधी वाकते. ‘शस्त्रक्रिया नको, त्वचेखाली भरणी करणाऱ्या फिलरची सुई निर्धोक’ हा समज मात्र धोकादायक आहे. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर त्यांत शिरलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते.

शस्त्रक्रियेनंतर नाकावर बांधलेली पट्टी साधारण आठवड्यात निघते, पण सूज पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं. तोवर आरशाशी भांडू नका. आणि शस्त्रक्रिया ठरवण्याआधी सर्जनला विचारा, ‘माझ्या श्वासाच्या वाटेचं काय करणार?’ नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरा सर्जन गाठा.