आयुर्वेद प्रवेश : अर्जापूर्वीचा विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायी विद्यार्थ्याला सांगितलेले पहिले कर्तव्य अध्ययनाचे नाही, परीक्षेचे आहे. त्याने आधी शास्त्र पारखावे, मग आचार्य पारखावा. आणि आचार्यानेही शिष्याची परीक्षा घ्यावी. आज ही तिहेरी परीक्षा संगणकाच्या पडद्यावर येऊन ठेपली असली तरी तिचे मर्म बदललेले नाही. जून महिना आला की आपल्या चिकित्सालयात रुग्णांबरोबर पालकही येऊ लागतात. त्यांना योग्य मार्ग दाखविणे हे आपलेही कर्तव्य आहे, म्हणून हा प्रपंच.

बी.ए.एम.एस. हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता, असा एकूण साडेपाच वर्षांचा आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय आणि इंग्रजी आवश्यक. प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. प्रवेश ‘नीट’ परीक्षेतील गुणवत्तेवरच मिळतो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे ग्रामीण भागातील अनेक पालकांना अद्याप ठाऊक नसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘नीट’चा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांसाठी केंद्रीय आयुष समुपदेशन समितीकडे, तर राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. एकीकडे केलेली नोंदणी दुसरीकडे चालत नाही. राज्याच्या जागांसाठी, काही अपवाद सोडल्यास, दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे व अधिवास प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या रुग्णाची कन्या पुरेसे गुण मिळवूनही प्रवेशाला मुकली. जातीचे प्रमाणपत्र होते. जात वैधता प्रमाणपत्रासाठी मात्र अर्ज निकालानंतर केला होता. मुदत संपली, जागा गेली. “वैद्यराज, कुणी आधी सांगितलं असतं तर!” हे तिच्या वडिलांचे उद्गार मला अद्याप बोचतात, कारण वर्षभर ते औषधाला माझ्याकडेच येत होते. तिने पुढील वर्षी पुन्हा परीक्षा दिली व ती आज आंतरवासिता करीत आहे. परंतु एक वर्ष गेलेच. विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत वैधतेसाठी अर्ज करता येतो. ज्यांना लागू असेल त्यांनी नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदतही आधीच पाहावी. सर्व कागदपत्रांवर नाव एकसारखे आहे ना, हे तपासावे.

आता आचार्यपरीक्षा. पसंतिक्रम भरताना केवळ घराजवळचे गाव पाहू नये. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाची त्या वर्षाची परवानगी महाविद्यालयाला आहे काय, हे प्रथम पाहावे. मग शक्य झाल्यास सकाळी प्रत्यक्ष जाऊन बाह्यरुग्ण विभागात बसावे. रुग्णांनी भरलेले रुग्णालय हाच खरा ग्रंथ. रिकाम्या खाटांच्या इमारतीत नाडी कोणाची पाहावयाची? ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थापासून मात्र चार हात दूर राहावे. नियम व तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

राहिली शास्त्रपरीक्षा. एम.बी.बी.एस. मिळाले नाही म्हणून आयुर्वेद, अशा मनाने आलेला विद्यार्थी साडेपाच वर्षे खंत वाहतो, आणि ती खंत पुढे रुग्णालाही जाणवते. अर्ज करण्यापूर्वी त्या मुलाला एक दिवस आपल्याजवळ बसवून घ्यावे. औषधी कुटताना, रुग्णाशी बोलताना त्याचे डोळे पाहावेत. त्याचा कल कोठे आहे, हे तेथेच कळेल.