फाटक नसलेल्या शहरात: बर्लिनला जाण्यापूर्वी

बर्लिनच्या भुयारी मेट्रोच्या स्टेशनात पहिल्यांदा पाऊल टाकणारा प्रवासी गोंधळतो, कारण त्याला कुणीच अडवत नाही. सरकतं फाटक नाही, दारात तिकीट तपासणारा कर्मचारी नाही. जिना उतरला की थेट फलाट. जिन्याच्या तोंडाशी किंवा फलाटावर पोस्टाच्या लहान पेटीएवढं एक यंत्र मात्र असतं. कागदी तिकिटावर वेळ आधीच छापलेली नसेल, तर ते या यंत्राच्या फटीत सरकवून शिक्का मारून घ्यायचा. मुंबईत लोकलची कुपनं ज्यांनी पंच केली आहेत, त्यांना हे लगेच उमगेल. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि त्याचा दंड ६० युरो. तपासनीस अनेकदा साध्या कपड्यांत असतात; गाडीची दारं लागली की खिशातून ओळखपत्र काढतात. आपण परदेशी आहोत, नियम ठाऊक नव्हता, ही सबब तिथे ऐकून घेतली जात नाही.

या शहराचा स्वभाव असाच आहे. ते कुणाला अडवत नाही, पण इथले नियम तुम्हाला माहीत आहेत असं गृहीत धरून चालतं. म्हणून बर्लिनची तयारी घरूनच करून निघावी.

आपल्याकडच्या युरोप सहलींच्या ठरलेल्या वाटेवर पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम असतात. बर्लिन बहुधा सुटतं, नाहीतर प्रागच्या वाटेवर एका दुपारी उरकलं जातं. सुमारे ३८ लाख वस्तीच्या आणि ८९१ चौरस किलोमीटर पसरलेल्या शहरावर हा अन्यायच आहे. किमान चार दिवस तरी हाताशी हवेत, आणि शक्यतो मे ते सप्टेंबरमधले. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये दुपारचे चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, आणि कार्यक्रम कितीही नेटका आखलेला असला तरी दिवस पुरत नाही.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सोबत किमान ३० हजार युरोचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसाइतकीच आधी करण्याजोगी दुसरी गोष्ट म्हणजे राइशटाग या संसदभवनाच्या घुमटासाठी नोंदणी. नॉर्मन फोस्टर यांनी रचलेला हा काचेचा घुमट १९९९ साली पूर्ण झाला. वर जायला पैसे पडत नाहीत, पण नाव आणि जन्मतारीख देऊन वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. उन्हाळ्यात संध्याकाळची वेळ मिळाली तर उत्तम. आतल्या वळत्या चढणीवरून पायाखाली संसदेचं सभागृह दिसतं आणि भोवती सगळं शहर.

विमानतळाची एक गोम आहे. २०२० साली सुरू झालेला नवा विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे. वाहतुकीचे ए, बी, सी असे तीन विभाग केलेले आहेत आणि विमानतळ सी विभागात येतो. शहरात फिरायला ए-बी तिकीट पुरतं. विमानतळासाठी ए-बी-सीच घ्यावं लागतं. पहिला दंड बसतो तो अनेकदा इथे. एकेरी तिकीट दोन तास चालतं, वाटेत गाड्या कितीही बदला, मात्र त्याच तिकिटावर परत फिरता येत नाही. मेट्रोची तीन किंवा बसची सहा स्टेशनं एवढंच जायचं असेल तर त्याचं वेगळं स्वस्त तिकीट मिळतं. एकच तिकीट यू-बान (मेट्रो), एस-बान (लोकल रेल्वे), ट्राम आणि बस या सगळ्यांना चालतं. शहराच्या मध्यभागाभोवती फिरणारी ३७ किलोमीटरची वर्तुळाकार रेल्वे तासाभरात एक फेरी पुरी करते. एस ४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते, एस ४२ उलटी. गाडीचं दार आपोआप उघडेल म्हणून थांबू नये, बरेचदा बटण दाबावं लागतं. आणि शंभर क्रमांकाची दुमजली बस सोडू नये. प्राणिसंग्रहालयाच्या स्टेशनापासून आलेक्झांडरप्लाट्झपर्यंतच्या तिच्या वाटेवर विजयस्तंभ, संसदभवन आणि उंटर डेन लिंडेनचा राजरस्ता लागतो, आणि त्यासाठी पर्यटक बसचं महागडं तिकीट काढावं लागत नाही.

शहराची जुनी फाळणी या वाहतुकीतही डोकावते. ट्रामचं जाळं प्रामुख्याने पूर्वेकडे आहे, कारण पश्चिम बर्लिनने आपल्या ट्राम १९६७ पर्यंत बंद करून टाकल्या. शहर दुभागणारी बर्लिनची भिंत असताना पश्चिमेकडच्या काही गाड्या पूर्व बर्लिनच्या खालून धावत; मधल्या स्टेशनांवर त्या न थांबता हळू पुढे जात आणि अंधुक उजेडातल्या फलाटांवर बंदूकधारी पहारेकरी उभे असत. अशा ‘भुताटकीच्या स्टेशनां’पैकी एक नॉर्डबानहोफ. आज तिथे त्याच विषयाचं प्रदर्शन मांडलेलं आहे. तिथे उतरून वर आलं की बेर्नाउअर श्ट्रासे लागते. भिंत समजून घ्यायची असेल तर ती याच रस्त्यावर.

१३ ऑगस्ट १९६१ रोजी सीमा बंद झाली तेव्हा या रस्त्याच्या एका बाजूच्या इमारती पूर्वेत होत्या आणि त्यांच्यापुढचा फुटपाथ पश्चिमेत. दारं-खिडक्या विटांनी बुजवल्या जाऊ लागल्या, तशी माणसं वरच्या मजल्यांवरून उड्या मारू लागली. इडा सीकमान ही परिचारिका २२ ऑगस्टला अशीच उडी मारताना गेली. भिंतीपायी झालेला हा पहिला मृत्यू मानतात. भिंतीपाशी एकूण किमान १४० माणसांचा बळी गेला. आज जिथे भिंत नाही तिथे गंजक्या लोखंडी सळया रांगेने रोवल्या आहेत. समोरून पाहिलं तर सळयांमधून पलीकडचं सगळं दिसतं. तिरकं पाहिलं की त्या एकमेकींत मिसळून पुन्हा सलग भिंत उभी राहते. सीमेच्या पट्ट्यात अडकलेलं चर्च पूर्व जर्मनीच्या सरकारने १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्याच जागी २००० साली मातीच्या ठोकीव भिंतींचं छोटं प्रार्थनागृह बांधलं, आणि त्या मातीत जुन्या चर्चच्या विटांचे तुकडे कालवलेले आहेत. बाहेर राय या धान्याचं शेत पिकतं. रस्त्यापलीकडच्या मनोऱ्यावर चढलं की पहाऱ्याच्या बुरुजासकट जतन केलेला पट्टा वरून दिसतो. हे सगळं विनामूल्य आहे. पूर्व-पश्चिम सीमेवरच्या चेकपॉइंट चार्ली या प्रसिद्ध नाक्याला दहा मिनिटं पुष्कळ झाली. तिथली चौकी नकली आहे आणि गर्दी खरी. तो वेळ बेर्नाउअर श्ट्रासेला द्यावा.

संग्रहालयांबाबत सावध राहावं. जुन्या याद्यांमध्ये पहिलं नाव असलेलं पर्गमॉन संग्रहालय दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद झालं. त्याचा एक भाग २०२७ मध्ये उघडायचा बेत आहे. बॅबिलोनच्या इश्तार द्वाराच्या दालनाला तर २०३७ उजाडेल असं सांगितलं जातं. शेजारच्या नॉइएस म्युझियममध्ये इजिप्तची राणी नेफर्टिटी हिचा अर्धपुतळा आहे, पण त्याचं छायाचित्र काढू देत नाहीत. तिथे इमारतही पाहावी. युद्धात भाजलेल्या भिंती डेव्हिड चिपरफील्ड यांनी गुळगुळीत न करता तशाच राखल्या आहेत. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. जवळच्याच हुम्बोल्ट फोरम या संग्रहालयासमोर, बर्लिनच्या राखाडी आभाळाखाली, सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती २०२२ पासून उभी आहे. भारतीय माणसाचे पाय तिथे आपोआप थांबतात.

रविवारी दुकानं बंद, हे पक्कं लक्षात ठेवावं. दूध-फळं शनिवारीच आणून ठेवावीत. अडलंच तर मुख्य रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं आणि गल्लीतली ‘श्पेटी’ नावाची छोटी दुकानं कामी येतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की पावती मिळते आणि ती गल्ल्यावर वटते. पण मुळात बाटली घ्यायचीच गरज नाही, नळाचं पाणी निर्धास्त प्यावं. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. फलाफल कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतं, तुर्की ठेल्यांवर भाज्यांचे आणि चीजचे प्रकार असतात, आणि मंगळवार-शुक्रवारी कालव्याकाठी मायबाखउफरचा तुर्की बाजार भरतो. बटाट्याच्या सॅलडमध्ये मात्र डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून मागवण्याआधी ‘वेगेटारिश?’ असं विचारून घ्यावं. थोडी रोकडही खिशात असावी, कारण काही लहान उपाहारगृहं अजून कार्ड घेत नाहीत.

चालताना खाली पाहावं. फुटपाथवरचा तांबूस पट्टा सायकलींचा आहे, त्यावर उभं राहिलं तर घंटी आणि बोलणी दोन्ही वाट्याला येतात. दगडांची दुहेरी ओळ दिसली तर तिथून भिंत जात होती. आणि अनेक घरांच्या दारांपुढे दहा सेंटिमीटरच्या चौकोनी पितळी पाट्या बसवलेल्या आहेत, त्यांवर नावं कोरलेली आहेत. त्या घरातून नाझींनी ज्यांना नेलं, त्यांची ती नावं. लाल दिवा असताना रस्ता रिकामा असला तरी ओलांडू नये. शेजारी लहान मूल उभं असेल तर मुळीच नाही.

मराठी वाचकाने वेळ काढून जावं असं एक ठिकाण नैर्ऋत्येला आहे, डालेम. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे तिथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी. करत होत्या. कवटीच्या ठेवणीतला डावा-उजवा फरक वंशानुसार बदलतो, असा त्या वर्तुळाचा होरा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि त्यांना तसा काही संबंध आढळला नाही. प्रबंधात त्यांनी तसंच लिहिलं. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशवादाची प्रयोगशाळा झाली, आणि आउश्वित्झहून मानवी अवशेष तिथे अभ्यासासाठी पाठवले गेले. ईनेश्ट्रासे २२ ही ती इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. संस्थेच्या गुन्ह्यांची नोंद करणारा फलक १९८८ पासून तिथे आहे. यू ३ ने ‘फ्राये उनिवेर्झिटेट’ स्टेशनावर उतरलं की ती चालत गाठता येते. मुलं बरोबर असतील तर परतताना एक स्टेशन अलीकडे, गवताने शाकारलेल्या छपराच्या डालेम-डॉर्फला उतरावं. स्टेशनासमोरच डोमेने डालेम ही जुनी शेतवाडी आहे. तिथे गाई पाहता येतात आणि शेतातली ताजी भाजी विकत मिळते.