मीठ, वीज आणि पोहण्याचा तलाव

जयपूर हे नदीच्या काठी वसलेले नगर नव्हे. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये आखीव रस्त्यांचे हे शहर वसविले, तेव्हापासून पाण्याची चिंता त्याच्या पाठीशी लागलेली आहे. गलत्याची कुंडे, आमेरचे पन्ना मीणा कुंड, आभानेरीची चाँद बावडी ही जयपूरच्याही आधीची स्थाने या प्रदेशातील पाण्याच्या चिंतेचीच सुंदर अपत्ये होत. ज्या रामगढच्या तलावात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतील नौकानयनाच्या शर्यती झाल्या, तो तलाव पुढे दोन दशकांतच कोरडा पडला; आणि २००९ पासून शहराची तहान सुमारे १२० किलोमीटरांवरच्या, बनास नदीवरील बिसलपूर धरणातून भागविली जाऊ लागली. अशा शहरात पोहण्याच्या तलावाचे पाणी बिघडले म्हणून ते सोडून देणे ही साधी गोष्ट राहत नाही.

बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल असा मध्यम तलाव घेतला, तर त्यात सुमारे एक लाख लिटर पाणी मावते. नागरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटरांचे मान धरले जाते. त्या हिशेबाने एका तलावाचे पाणी म्हणजे सातशेचाळीस माणसांची एका दिवसाची गरज होय. शाळा, क्रीडासंकुले, हॉटेले आणि जुन्या हवेल्या यांतून आज असे तलाव आहेत. त्यांतील पाणी वर्षानुवर्षे न बदलता निर्मळ कसे राखावे, हा प्रश्न म्हणूनच आरोग्याचा आहे तितकाच काटकसरीचाही आहे. त्यावरचा एक उपाय मिठाच्या रूपाने जयपूरच्या दाराशीच आहे. शहराच्या पश्चिमेस सरळ रेषेत साठेक किलोमीटरांवर सांभरचे खारे सरोवर पसरलेले आहे. देशाच्या अंतर्भागातील हे सर्वांत मोठे खारे सरोवर असून, शतकानुशतके तेथील क्यारांतून मीठ काढले जात आले आहे.

मीठ आणि स्वच्छता यांचा संबंध कसा, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. कारण याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. 'मिठाच्या पाण्याचा तलाव' म्हणजे क्लोरीन नसलेला तलाव, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. लिटरमागे तीनचार ग्रॅम मिठाने रोगजंतू मरत नाहीत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात आणि तरीही समुद्र जीवसृष्टीने भरलेला असतो! मिठाच्या तलावातही जंतूंचा नाश क्लोरीनच करतो. फरक एवढाच, की तो क्लोरीन बाहेरून डब्यांतून आणला जात नाही; तो पाण्यातल्या मिठापासून तेथल्या तेथे तयार होतो.

क्लोरीनचा शोध शेले या रसायनज्ञाने १७७४ मध्ये लावला आणि ते एक मूलद्रव्य आहे हे १८१० मध्ये डेव्हीने दाखवून दिले. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाणीपुरवठ्यात तो नियमितपणे वापरला जाऊ लागला, आणि पाण्यातून पसरणाऱ्या विषमज्वरासारख्या रोगांवर माणसाला एक प्रभावी शस्त्र मिळाले. मीठ हे सोडियम आणि क्लोरीन यांचे संयुग होय. मिठाच्या पाण्यातून विजेचा एकदिश प्रवाह सोडला, की धनाग्रापाशी क्लोरीन सुटतो. ऋणाग्रापाशी हायड्रोजन वायू आणि दाहक सोडा निर्माण होतो. क्लोरीन आणि दाहक सोडा पाण्यातच एकत्र येतात व त्यांपासून हायपोक्लोराइट बनते. बाजारात द्रवरूप क्लोरीन म्हणून विकले जाते ते हेच. जंतूंशी झुंजून त्याची शक्ती संपली, की त्यातील क्लोरीन पुन्हा क्लोराइडच्या, म्हणजे मिठाच्याच, रूपात परत येतो. मीठ अशा रीतीने खर्च न होता फिरत राहते. खर्च होते ती वीज. पाण्याची वाफ होते तेव्हाही मीठ मागेच राहते. ते कमी होते केवळ गळतीने, उसळून बाहेर पडणाऱ्या पाण्याने आणि गाळणी धुताना.

या यंत्राचे दोन भाग असतात. एक, भिंतीवरची नियंत्रक पेटी. ती घरगुती विजेचे कमी दाबाच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करते. दुसरा, नळीच्या मार्गात बसविलेला विद्युत् घट. त्यात टायटॅनियमचे पातळ पत्रे एकमेकांजवळ, पण एकमेकांना न शिवता उभे केलेले असतात, आणि त्यांवर रुथेनियम, इरिडियम अशा दुर्मिळ धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असतो. साधा लोखंडी पत्रा अशा जागी काही दिवसांत खाऊन गेला असता. १९६० च्या दशकात असे लेप तयार करण्याची युक्ती साधली, म्हणून ही यंत्रे व्यवहारात येऊ शकली. १९७० च्या दशकापासून ती ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये रूढ होत गेली.

यंत्र निवडताना त्याची ताकद हिशेबाने ठरवावी. पत्र्यांच्या प्रत्येक जोडीतून एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर सव्वा ग्रॅमहून थोडा अधिक क्लोरीन मिळतो; म्हणून पत्रे अनेक असावे लागतात. जयपूरच्या उन्हात एक लाख लिटरांच्या तलावाला दररोज तीनशे ग्रॅम क्लोरीन लागेल असे धरले, तर ताशी तीस ग्रॅम देणारे यंत्र दहा तास चालवावे लागेल. ताशी पंधरा ग्रॅमचे स्वस्त यंत्र घेणाऱ्याला ते वीस तास चालवावे लागते आणि घटाचे आयुष्यही लवकर संपते. पत्रे साधारणपणे तीन ते सात वर्षे टिकतात, आणि ते बदलण्याचा खर्च लहान नसतो.

बसविण्याच्या कामात जागेला महत्त्व आहे. पाणी तलावातून पंपाकडे, पंपातून वाळूच्या गाळणीकडे, तेथून तापक असल्यास त्याच्याकडे आणि सर्वांत शेवटी घटाकडे जावे. घट अगोदर बसविला, तर तीव्र क्लोरीनचे पाणी तापकाच्या तांब्याला खाऊन टाकते. घटाच्या दोन्ही बाजूंस उघडता येणारे जोड असावेत, म्हणजे सफाईसाठी तो सुटा करता येतो. घटालगत पाण्याचा प्रवाह ओळखणारी कळ असलीच पाहिजे. शिवाय पंप बंद होताच यंत्राची वीज तुटेल अशी जोडणी हवी. हा नियम टाळण्यासारखा नाही. पाणी थांबले आणि वीज चालू राहिली, तर घटात हायड्रोजन साचतो, आणि हायड्रोजन ठिणगीने स्फोट पावणारा वायू आहे.

नियंत्रक पेटी सावलीत, हवेशीर ठिकाणी, पाण्याच्या कडेपासून दूर असावी. तिच्याशेजारी आम्लाची बाटली ठेवू नये. आम्लाच्या वाफा आतील तारा खातात. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने अर्थिंग, तलावाभोवतीच्या धातूच्या वस्तूंची परस्परजोडणी आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच ही तिन्ही कामे परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत. ज्या पाण्यात मुले उतरतात, त्या पाण्याच्या बाबतीत हौशी कारागिरीला जागा नाही.

आता मीठ किती घालावे? बहुतेक यंत्रांना लिटरमागे तीन ते चार ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या सुमारे दशांश खारेपणा पुरतो. साडेतीन ग्रॅम धरले, तर एक लाख लिटरांना ३५० किलो, म्हणजे पन्नास किलोंच्या सात गोण्या लागतात. परंतु जयपूरच्या परिसरातील कूपनलिकांचे पाणी अनेकदा मुळातच खारे असते. म्हणून भरलेल्या पाण्याचा खारेपणा आधी मोजावा आणि तेवढे मीठ वजा करावे. कारण घातलेले मीठ काढायचे म्हणजे पाणीच फेकावे लागते. मीठ शुद्ध, आयोडीन न मिसळलेले आणि गोळे न होण्यासाठी वापरतात ती द्रव्ये नसलेले घ्यावे. तलावाला सिमेंटचा नवा गिलावा असेल, तर महिनाभर मीठ घालू नये. नंतर मीठ कडेकडेने पसरून घालावे आणि यंत्र बंद ठेवून फक्त पंप चोवीस तास चालवावा. मीठ पूर्ण विरघळल्यावरच यंत्र सुरू करावे. आरंभीचा क्लोरीन मात्र बाहेरून द्यावा; रिकाम्या हातांनी यंत्राला लढाईवर पाठवू नये.

रोजच्या व्यवहारात दोन आकडे जपावे लागतात. पाण्यातील मोकळा क्लोरीन लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम असावा, आणि सामू, म्हणजे पाण्याची आम्लता वा अल्कता दाखविणारा आकडा, ७.२ ते ७.६ च्या दरम्यान असावा. यांपैकी दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष होते, आणि फसगत होते ती तेथेच. सामू ७.२ असताना सुमारे दोनतृतीयांश क्लोरीन जंतुघातक रूपात असतो. तो आठवर गेला की जेमतेम चौथा हिस्सा उरतो. क्लोरीनचा आकडा तोच, पण त्याची धार गेलेली! मिठाच्या तलावात हे अधिक घडते. घटातून निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातील कार्बन डायऑक्साइड हाकलून देतात आणि सामू हळूहळू वर चढतो. म्हणून थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल अधूनमधून घालावे लागते. ते नेहमी पाण्यात सोडावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. तसेच आम्ल आणि ब्लीचिंग पावडर यांचा संपर्क होऊ देऊ नये. त्यांच्या मिश्रणातून जो विषारी वायू उसळतो, तो बंद खोलीत माणसाचा जीव घेऊ शकतो.

तलावाला उग्र दर्प येऊ लागला आणि डोळे चुरचुरू लागले, की क्लोरीन फार झाला अशी लोकांची समजूत होते आणि यंत्र बंद केले जाते. खरे कारण बहुधा उलट असते. घाम आणि मूत्र यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी क्लोरीन बांधला गेला, की त्यापासून क्लोरामाइने बनतात. दर्प त्यांचा असतो. त्या वेळी मोकळा क्लोरीन कमी नव्हे, अधिक हवा असतो. पाण्यात उतरण्यापूर्वी अंग धुण्याचा नियम प्रत्येक तलावावर लिहिलेला असतो, त्यामागचे शास्त्र हेच.

जयपूरच्या हवापाण्याने या कामात आणखी तीन अडचणी उभ्या केल्या आहेत. पहिली उन्हाची. उघड्या पाण्यातला क्लोरीन कडक उन्हात दोनतीन तासांत बहुतांशी नाहीसा होतो. सायन्युरिक आम्ल त्याला आडोसा देते. पण त्याचे प्रमाण लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नये, नाहीतर आडोशाचाच अडसर होतो. दुसरी अडचण जड पाण्याची. उन्हाळ्यात रोज सात मिलिमीटर पाणी उडाले असे धरले, तरी वर सांगितलेल्या तलावातून पाचशे लिटर पाणी जाते. त्याच्या जागी घातलेल्या प्रत्येक बादलीबरोबर चुना येतो, आणि तो मात्र उडून जात नाही. तो ऋणाग्रावर पांढरा थर धरतो व क्लोरीनची निर्मिती मंदावते. प्रवाहाची दिशा ठराविक वेळाने उलटवून अनेक यंत्रे हा थर स्वतःच झाडतात. तरीही घट अधूनमधून उघडून पाहावा आणि गरज असल्यास सौम्य आम्लाने धुवावा. धातूने खरवडू नये. खरवडल्यास मौल्यवान लेपच निघून जातो. तिसरी अडचण थंडीची. जानेवारीच्या पहाटे तापमान आठ अंशांच्या आसपास उतरते. पाणी पंधरा अंशांखाली गेले, की अनेक यंत्रे मंदावतात किंवा थांबतात. हा बिघाड नव्हे. त्या दिवसांत क्लोरीनची गरजही थोडीच असते; ती बाहेरून भागवावी.

येथील दगडाचाही विचार केला पाहिजे. तलावाच्या कडेला वालुकाश्म बसविलेला असेल, तर उसळलेले खारे पाणी त्याच्या रंध्रांत शिरते, उन्हात सुकते आणि मिठाचे स्फटिक दगडाचे पापुद्रे काढतात. संगमरवराला आम्लाचा थेंबही सोसत नाही. कडा गोड्या पाण्याने वरचेवर धुणे, हाच त्यावर साधा उपाय. गाळणी धुतल्याचे खारे पाणी बागेत किंवा विहिरीजवळ सोडू नये. ज्या भूमीत क्षारांची आधीच रेलचेल आहे, तिच्यावर आणखी भार घालणे शहाणपणाचे नाही. तलावावर रात्री आच्छादन घातले, तर पाणीही वाचते आणि चुनाही कमी साचतो.

या साऱ्याचा लाभ तरी कोणता? क्लोरीनचे डबे आणणे, साठविणे आणि हाताळणे यांतला धोका पुष्कळ कमी होतो. क्लोरीन एकदम न पडता संथपणे मिळत राहतो. आणि पाणी दीर्घकाळ टिकते. तथापि यंत्र क्लोरीन निर्माण करते, पाण्याची परीक्षा करीत नाही. दररोज परीक्षानळीत चार थेंब टाकून रंग पाहणारा माणूस तलावावर नसेल, तर भारी किमतीचे यंत्रही हिरवे पाणी थांबवू शकत नाही. कुंडे आणि बावड्या ज्यांनी बांधल्या, त्यांच्यापाशी क्लोरीन नव्हता. पण पाणी हे राखावे लागते, ही जाण होती. विजेच्या या युगातही त्या जाणिवेची जागा घेणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.